उत्तर विकायचे नाही

माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत गेली दोन वर्षे एक सूचना पुन्हा पुन्हा पुढे येत आहे. शाळेच्या सभागृहात दरवर्षी एकदा सांघिक प्रश्नमंजूषा भरवावी, संघांकडून प्रवेशशुल्क घ्यावे आणि जमणारी रक्कम वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी, अशी ती सूचना. तिला पाठिंबा देणारे आहेत, हसण्यावारी नेणारे आहेत आणि मनापासून विरोध करणारेही आहेत. ही स्मरणिका शाळेशी नाते असलेल्या सर्वांच्या हाती जाणार असल्याने आमची बाजू येथेच मांडणे आम्हांस योग्य वाटते. सूचनेला आमचा पाठिंबा आहे. मात्र ती ज्या स्वरूपात मांडली गेली आहे, त्यातील एका कलमाला आमचा ठाम विरोध आहे.

निधी कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. दहावीचा निकाल लागला की वसतिगृहाशी मुलांचा संबंध संपतो. त्यात कोणाचा दोष नाही. शाळाच दहावीपर्यंत आहे. पुढचा प्रवेश शहरात घ्यायचा, राहण्याची सोय शोधायची, खोलीची अनामत द्यायची, खाणावळीचे पैसे आगाऊ भरायचे, एसटीचा पास काढायचा. शिष्यवृत्ती मिळते, पण ती प्रवेशानंतर, अर्जाची छाननी होऊन, पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर खात्यावर जमा होते. खर्च मात्र जून-जुलैतच दारात उभा असतो. पहाटे पाचला उठून अभ्यास केलेली, गणितात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेली मुले या दोन-तीन महिन्यांत वीटभट्टीवर जातात, दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मग परत येत नाहीत. अशी मुले किती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही; परंतु प्रत्येक तुकडीला आपापल्या सोबत्यांची नावे ठाऊक आहेत. निधी हवा आहे तो या पहिल्या तीन महिन्यांसाठी.

मग सरळ वर्गणीच का काढू नये, असा पहिला आक्षेप आहे. तो रास्त आहे आणि वर्गणी आपण काढतोही. पण वर्गणीचा एक परिणाम ज्येष्ठांनी पाहिलेला आहे. पावतीपुस्तक फिरू लागले की दरवर्षी तीच तीस-चाळीस नावे त्यावर चढतात. ज्यांना देणे जमत नाही, ते हळूहळू मेळाव्यालाच येईनासे होतात. रोजंदारीवर असलेला, रिक्षा चालवणारा, गावी दोन एकर कोरडवाहू कसणारा आपला सोबती पावतीपुस्तकापुढे उभा राहण्यापेक्षा घरी बसणे पसंत करतो. म्हणजे ज्या शाळेने सर्वांना एका पंगतीत बसवले, तिच्याच नावाने निघालेली वर्गणी पंगतीत दोन रांगा करते. काहीतरी एकत्र करून, त्या करण्यातून पैसा उभा राहिला, तर ही रांग मोडते.

आपल्या समाजाला ही कल्पना नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, त्याची आठवण मराठी रसिक अजून काढतात. साताऱ्यात १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड उभा केला. दळायला बसताना घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते मुलांच्या भोजनासाठी द्यायचे, अशी त्याची रीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हाही पाठीशी कोणी धनिक संस्थान उभे नव्हते. नाटक बसवावे इतकी कला आपल्यापाशी नाही आणि आज मूठ मागायला घरोघर जाणारे हातही कमी झाले आहेत. पण प्रश्न विचारणे आणि उत्तर शोधणे, हे तर आपल्याला शाळेनेच शिकवले आहे.

प्रश्नमंजूषा हा शब्द उच्चारला की आपल्यातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दूरचित्रवाणीवरील एक खुर्ची येते. त्यामुळे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. भारतातील जाहीर प्रश्नमंजूषेचा आरंभ सामान्यतः कोलकात्यात, १९६७ साली, नील ओब्रायन यांनी केला असे मानतात. पुढे १९७२ पासून आकाशवाणीवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. आधी हमीद सायानी आणि त्यांच्यानंतर अमीन सायानी यांचा आवाज तिला लाभला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांनी दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ आणले. या सर्वांत संघ होते. दोन-दोन, चार-चार मुले डोके एकत्र करून कुजबुजत आणि मग उत्तर देत. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि चित्र पालटले. आता एकच माणूस खुर्चीवर, प्रश्नागणिक वाढणारी रक्कम आणि ती रक्कम त्याच्या एकट्याच्या घरी जाणारी. त्या कार्यक्रमाविषयी आम्हांस राग नाही. आमच्यातील अनेकांच्या घरी रात्री नऊला जेवणे थांबत. पण ज्ञान म्हणजे एकट्याने मारलेली बाजी, हा समज त्याने घट्ट केला, असे आमचे मत आहे.

जी पद्धत आपल्याकडे यावी असे सुचवले गेले आहे, ती या खुर्चीहून अगदी वेगळी आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुईस नावाचे शहर आहे. तेथे शाळा, चर्च, पालकसंघ, अग्निशामक दलाचे कर्मचारी, आजारी शेजाऱ्याच्या मदतीला धावलेली मंडळी, सगळे निधी उभारण्यासाठी एकच मार्ग धरतात: ‘ट्रिव्हिया नाइट’. शाळेच्या व्यायामशाळेत किंवा एखाद्या सभागृहात टेबले मांडतात. एका टेबलाला आठ किंवा दहा जण, तोच एक संघ. साधारणपणे दहा फेऱ्या, फेरीत दहा प्रश्न. घंटा नाही, दिवे नाहीत, व्यासपीठावर कोणाला बोलावणे नाही. सूत्रसंचालक प्रश्न वाचतो, संघ आपसांत हलक्या आवाजात चर्चा करून कागदावर उत्तर लिहितो, फेरी संपली की कागद गोळा होतात आणि भिंतीवरच्या फलकावर गुण चढतात. खाण्याचे पदार्थ बहुधा लोक आपापल्या घरूनच आणतात. या साधेपणामुळेच तो उपक्रम टिकतो. सभागृह आपले, प्रश्न आपले, डबे आपले, खर्च कागद-पेन्सिलीचा. पाहुण्या कलाकाराचे मानधन आणि मांडववाल्याचे बिल भागवून शेवटी निधीत काय उरले, असा प्रश्न पडणाऱ्या कार्यक्रमांचा अनुभव आपणा सर्वांना आहे.

आकडे मांडून पाहू. आपल्याकडे ३० संघ आले, प्रत्येकात सहा जण आणि संघाचे शुल्क १,२०० रुपये धरले, तर ३६,००० रुपये होतात. आजच्या दिवसांत ही रक्कम मोठी नव्हे. पण अकरावीला जाणाऱ्या चार-पाच मुलांचे ते तीन महिने तिच्यात निघतात.

आता आमच्या विरोधाच्या कलमाकडे येतो. सेंट लुईसच्या या कार्यक्रमांत ‘मलिगन’ नावाचा प्रकार असतो. शब्द गोल्फच्या खेळातला; फसलेला फटका न मोजता पुन्हा मारण्याची सवलत, असा त्याचा अर्थ. ट्रिव्हिया नाइटमध्ये त्याचे छोटे कागद आरंभीच विकतात. उत्तर येत नसेल तर त्या जागी हा कागद चिकटवायचा, की उत्तर बरोबर धरले जाते. आपल्या सूचनेच्या मसुद्यात याचे नाव ‘साहाय्य-पत्र’ असे ठेवले आहे आणि एका पत्राची किंमत १०० रुपये. समर्थकांचे म्हणणे असे की हा खेळ आहे, हेतू चांगला आहे, पत्रांची संख्या मर्यादित आहे आणि यातून शुल्काच्या निम्म्याने तरी भर पडेल. हिशेब त्यांचा बरोबर असेल. तिथल्या लोकांना त्यात गंमत वाटते, हेही आम्ही समजू शकतो. ज्याला उत्तर शिकण्यापासून कधी अडवले गेले नाही, त्याला उत्तर विकत घेणे हा विनोद वाटू शकतो.

आपल्याला तो तसा वाटणार नाही. आपल्यातील सर्वांत जुन्या तुकडीच्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्यात, दाराबाहेर बसून ऐकावे लागले होते. अक्षर हे कोणाच्या तरी मालकीचे असते आणि ते किंमत देऊन, मिनतवारी करून किंवा मुळीच मिळत नाही, या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी अशा शाळा निघाल्या. येथे येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते की तुझ्या खिशात काय आहे याचा तुझ्या उत्तरपत्रिकेशी संबंध नाही. आणि त्याच सभागृहात, त्याच मुलासमोर, ज्या टेबलावर नोकरदार बसले आहेत ते पाच पत्रे चिकटवून पाच गुण वाढवणार. ज्या टेबलावर गावाकडची माणसे बसली आहेत ते मात्र येत नसलेल्या प्रश्नापुढे रेघ मारणार. फलकावर दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले जाणार. पावतीपुस्तकाने केलेल्या दोन रांगा मोडाव्यात म्हणून आपण हे करत होतो. त्या रांगा येथे गुणांच्या रूपाने परत येतात. निधीसाठी झाले तरी हे नको.

त्या उत्पन्नावर पाणी सोडायचे का? नाही. व्यवहार उलटा करावा, असे आमचे सुचवणे आहे. २००७ साली ‘फ्री राइस’ नावाचा एक उपक्रम संगणकावर सुरू झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने तो आपल्याकडे घेतला. शब्दाचा अर्थ विचारायचा, चार पर्याय द्यायचे आणि बरोबर उत्तरामागे तांदळाचे दहा दाणे भुकेलेल्यांसाठी द्यायचे, इतकाच तो खेळ. तांदळाची किंमत जाहिरातदारांनी मोजायची. येथे पैसा उत्तर आणत नाही. उत्तर पैसा आणते. आपणही तसेच करू शकतो. पुण्या-मुंबईत, आखातात, युरोप-अमेरिकेत असलेले आपले जे माजी विद्यार्थी त्या दिवशी येऊ शकत नाहीत, त्यांनी सभागृहातील प्रत्येक बरोबर उत्तरामागे ठरावीक रक्कम देण्याचे आधी कबूल करावे. ३० संघ आणि ६० प्रश्न म्हणजे १,८०० उत्तरे. त्यातील १,२०० बरोबर आली आणि सर्वांनी मिळून उत्तरामागे २५ रुपये कबूल केले असतील, तर ३०,००० रुपये उभे राहतात. साहाय्य-पत्रांतून इतके येतील का, याविषयी आम्ही साशंक आहोत. शिवाय यात शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही काम आहे. त्यांची बावीसच उत्तरे बरोबर आली, तरी त्या बावीस उत्तरांनी साडेपाचशे रुपये आणले. एखाद्या मुलाचा पास निघाला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो एका ज्येष्ठ शिक्षकांनी घेतला आहे. अशा स्पर्धेत जिंकणार कोण? जे शिकले, शहरात गेले, इंग्रजी वाचतात, तेच. बाकीचे टाळ्या वाजवणार. या आक्षेपाचे उत्तर प्रश्नपत्रिकेत आहे. सामान्यज्ञान म्हणून आपल्याकडे जे पाठ करवले जाते ते बव्हंशी राजधान्या, चलने आणि पुरस्कार. ते ज्याला पाठ त्याला येते, ज्याला नाही त्याला शंभर वर्षे विचार करूनही येणार नाही. चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर ठाऊक नसले तरी चार जण मिळून शोधू शकतात. उदाहरणार्थ: पुण्यातून वाहणारे मुळा-मुठेचे पाणी अखेर कोणत्या समुद्राला मिळते? अरबी समुद्र जवळ म्हणून घाईघाईने तेच लिहिणारे पुष्कळ निघतील. पण संघात कोणी भीमेकाठचा असेल तर तो म्हणेल, ते पाणी आमच्याकडे येते. कोणी म्हणेल, भीमा कृष्णेला मिळते. आणि मुलाला नकाशा आठवेल की कृष्णा पूर्वेला जाते. तिघांनी मिळून बंगालचा उपसागर गाठला.

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहात पालकभेटीच्या दिवशी आम्ही अशी एक लहानशी फेरी घेऊन पाहिली. शुल्क नव्हते, बक्षीस नव्हते. भोजनानंतर सतरंजीवरच संघ बसले. नियम एकच होता: प्रत्येक संघात एक विद्यार्थी, एक माजी विद्यार्थी आणि एक पालक हवा. आरंभी पालक मागे सरकून बसले होते. एक प्रश्न होता, मणाचे शेर किती? नववीची मुले एकमेकांकडे पाहू लागली. मागून एक बाई म्हणाल्या, चाळीस; आणि लगेच, मोठ्याने बोलल्याबद्दल, पदर तोंडाशी नेला. पुढच्या प्रश्नाला, ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला कशासाठी, त्यांना कोणी विचारण्याआधी त्यांचा मुलगाच कागद घेऊन त्यांच्याकडे वळला. आपल्या आईला उत्तर येते, हे त्या मुलाला सर्वांदेखत कळले. तो संघ शेवटून दुसरा आला. हरकत नाही.

तेव्हा संघ वयाने मिश्र असावेत, हा नियम आम्ही आग्रहाने मांडतो. साऱ्या बँकवाल्यांचा एक संघ, साऱ्या प्राध्यापकांचा एक संघ, असे होऊ देऊ नये. तसेच गावाकडच्या संघांना शुल्क धान्यात भरण्याची मुभा असावी. बाजारभावाने होईल तितकी ज्वारी किंवा तूर वसतिगृहाच्या कोठारात जमा करावी. तेवढी रक्कम भोजनखर्चातून निधीकडे वळवता येईल. मुष्टिफंडाचा विसर पडू नये म्हणून नव्हे, तर रोख रकमेपेक्षा धान्य देणे अनेकांना खरोखर सोपे जाते म्हणून.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. भ्रमणध्वनी आरंभीच प्रत्येक संघाने कापडी पिशवीत घालून टेबलाच्या मध्यभागी ठेवावेत. तपासनीस नेमण्याची गरज पडू नये. सोडत, लिलाव, पत्रिकेवर देणगीदारांची लहानमोठ्या टाइपात नावे, हे काही नको. बक्षीस रोख नसावे. अमेरिकेतील विल्यम्स महाविद्यालयात १९६६ पासून रात्रभर चालणारी एक प्रश्नस्पर्धा होते. तिच्यात जिंकणाऱ्या संघाचे बक्षीस म्हणजे पुढची स्पर्धा भरवण्याची, तिचे सगळे प्रश्न काढण्याची जबाबदारी. ही रीत आम्हांस फार आवडली. आपल्याकडे पहिल्या क्रमांकाच्या संघाने पुढील वर्षाचे प्रश्न काढावेत. त्यामुळे तोच संघ दोन वर्षे सलग जिंकणारही नाही आणि दरवर्षी प्रश्न काढायचे ओझे एकाच उत्साही माणसावर पडून तो तिसऱ्या वर्षी दमणारही नाही. आपल्या अनेक चांगल्या उपक्रमांचा शेवट कसा झाला हे आठवले, तर या दुसऱ्या कारणाचे महत्त्व पटेल.

एका बाबतीत मात्र विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. निधी ज्या मुलांना मिळणार, त्यांना त्या दिवशी व्यासपीठावर आणू नये. मदतीचे कार्यक्रम आपण पाहतो: धनादेश मोठ्या पुठ्ठ्यावर छापलेला, देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याची मान खाली आणि पुढे छायाचित्रकार. ते छायाचित्र देणाऱ्याच्या दिवाणखान्यात लागते. घेणारा ते कुठे लावील? कोणाला किती दिले हे निधीच्या तीन विश्वस्तांनाच ठाऊक असावे. जमा-खर्चाचा एकूण हिशेब पंधरा दिवसांच्या आत शाळेच्या सूचनाफलकावर लागावा आणि त्यात खर्चाची ओळ जमेच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. मुलांची नावे त्यात नसावीत. ही अट मान्य नसणारे काही दाते मिळतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्यावाचून चालवून घेऊ.

याउलट, ती मुले स्पर्धेत मात्र असावीत. इतरांसारखी, कोणत्या तरी संघात, कागदावर वाकून. कोणत्या टेबलावरच्या कोणत्या मुलासाठी हे चालले आहे, हे शेजारच्याला कळू नये.

तारखेबाबत दोन मते आहेत. १४ एप्रिलच्या आसपास घ्यावी असे काहींना वाटते. पण तेव्हा गावोगावी कार्यक्रम असतात, उकाडा असतो आणि खालच्या वर्गांच्या परीक्षा चालू असतात. आमची पसंती ३ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवाराला आहे. सावित्रीबाईंची जयंती नुकतीच झालेली असते, खरिपाची कामे बहुतांशी उरकलेली असतात, दहावीच्या परीक्षेला अजून अवधी असतो आणि जमलेला पैसा जूनपर्यंत बँकेत राहून योग्य वेळी हाती येतो. पहिले वर्ष आहे, तेव्हा १५ संघ आले तरी पुरे.

पहिल्या वर्षी सहा फेऱ्या घ्याव्यात, असे ठरत आहे. पाच फेऱ्यांचे प्रश्न काढण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे अधीक्षकांकडे द्यावीत. सहावी फेरी स्वयंपाकघरातील मावशींनी काढावी, असे आम्ही सुचवले होते. त्यांनी होकार दिला आहे. प्रश्न मात्र त्या अजून कोणालाही सांगायला तयार नाहीत.